आरशाला कालचं आठवत नाही

रात्री उशिरा मी संगणकातले दुबार झालेले फोल्डर साफ करत बसले होते. 'आजी' आणि 'आजी नवे' अशा नावांचे दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. दोन्हींत तेच असणार अशी माझी खात्री होती. मी पहिला निवडला आणि रीसायकल बिनमध्ये न टाकता थेट पुसून टाकला. आठ-नऊ दिवसांनी भावाला आजीच्या तोंडची एक जुनी गोष्ट ऐकवायची म्हणून दुसरा फोल्डर उघडला, तर त्यात नुसते फोटो. तिच्या आवाजाची 41 रेकॉर्डिंग पहिल्या फोल्डरमध्ये होती.

माझ्या संगणकात तेव्हा मिररिंग केलेल्या दोन हार्ड डिस्क होत्या. प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी आहे, तेव्हा काळजी नाही, असं मी दोन वर्षं समजत होते. त्या दिवशी दोन्ही डिस्क तपासल्या. दोन्ही ठणठणीत, एकही दोष नाही. आणि दोन्हींवरून ती 41 रेकॉर्डिंग एकाच क्षणी गेलेली. जुना फोन धुंडाळून 29 परत मिळाली. उरलेली 12 मिळाली नाहीत, आणि ती पुन्हा सांगायला आजी आता नाही.

त्या 12 रेकॉर्डिंगमुळे हा लेख लिहिते आहे. मिररिंग वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. आजही माझ्या संगणकात ते आहे. पण ते कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे डिस्क बसवण्याआधी मला कोणी नीट समजावलं असतं तर फार बरं झालं असतं.

मिररिंग नेमकं काय करतं

कल्पना सोपी आहे. संगणकाला दोन डिस्क जोडायच्या आणि त्याला सांगायचं की या दोघी मिळून एकच समज. त्यानंतर तुम्ही काहीही सेव्ह केलंत की ते दोन्हींवर लिहिलं जातं. वाचताना मात्र दोघींपैकी कुठूनही वाचलं तरी चालतं, त्यामुळे एकाच वेळी बरंच वाचायचं असेल तर काम थोडं लवकरही होतं. 4 टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर वापरायला 4 टीबीच मिळतात. एक 4 ची आणि एक 6 ची लावली तरी 4 च, कारण मोठीने लहानीच्या मापाने चालायचं असतं. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं, बऱ्याचदा चालू असलेला व्हिडिओसुद्धा थांबत नाही.

तांत्रिक भाषेत याला 'रेड 1' म्हणतात. 'रेड' हे नाव 1988 मध्ये जगासमोर आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक शोधनिबंध मांडला. मोठ्या संगणकांना लागणारी एकच अवाढव्य महागडी डिस्क घेण्यापेक्षा लहान संगणकांत बसणाऱ्या स्वस्त डिस्क पुष्कळशा जोडाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यांनी जादा प्रत किंवा जादा हिशेब ठेवण्याच्या पाच पद्धती क्रमांक घालून मांडल्या. मिररिंग तेव्हाही वापरात होतंच, त्याला पहिला क्रमांक मिळाला. म्हणजे ज्या दुखण्यावर हे औषध निघालं, ते दुखणं डिस्क बिघडण्याचं होतं.

फाइल पुसली तर दोन्हीकडून का जाते, हे कळण्यासाठी जरा आत डोकवावं लागेल. हार्ड डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या लहान लहान कप्प्यांची लांबच लांब रांग. कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत आहे याची वही फाइल सिस्टीम ठेवते, आणि ती वहीसुद्धा त्याच डिस्कच्या काही कप्प्यांत असते. मिररिंग या सगळ्याच्या खाली बसलेलं असतं. त्याला फाइल म्हणजे काय ते कळत नाही, फोटो कळत नाही, आजीचा आवाज कळत नाही. अमुक क्रमांकाच्या कप्प्यात हे लिही, एवढाच हुकूम त्याला येतो आणि ते निमूटपणे दोन्हीकडे लिहितं.

आता फाइल पुसताना काय होतं ते बघा. फाइल सिस्टीम आपल्या वहीत नोंद करते की हे कप्पे आता मोकळे. ही नोंद करणं म्हणजे काही कप्प्यांत नवीन काहीतरी लिहिणं. मिररिंगच्या लेखी तो नेहमीसारखाच एक हुकूम. निबंधाच्या पहिल्या पानावर चुकून दुसरंच काही लिहून सेव्ह केलंत, तोही हुकूम. एखाद्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइल अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने, तुमचे सगळे फोटो कुलूपबंद करून टाकले, तर तेही हजारो हुकूमच, आणि मिररिंग ते सगळे दोन्हीकडे बिनचूक पाळतं. तुम्ही आत्ता जसे आहात तसे आरशात दिसता. काल कसे होता ते विचारलं तर आरशाकडे उत्तर नसतं.

बॅकअपचं काम याच्या अगदी उलट आहे. बॅकअपला काल माहीत असतो, गेला महिना माहीत असतो. एवढा एकच फरक मनात पक्का बसला की पुढचे सगळे निर्णय आपोआप सोपे होतात.

(हे वाचताना नुकतंच काही पुसलं गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं असेल तर: त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. फिरत्या हार्ड डिस्कवर फाइलमधला मजकूर पुसल्यानंतरही बरेचदा जागच्या जागी असतो, फक्त वहीतली नोंद गेलेली असते. त्या कप्प्यांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडू शकतो. एसएसडीवर, म्हणजे काहीच न फिरणाऱ्या, चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या डिस्कवर, मात्र ही आशा फार कमी. मोकळे झालेले कप्पे संगणक तिला लगेच कळवतो आणि ती ते आतून साफ करून टाकते. माझे ते आठ-नऊ दिवस याच कारणाने महागात पडले. तेवढ्या काळात मी त्याच डिस्कवर कितीतरी व्हिडिओ उतरवले होते.)

डिस्क मरतात कशा, आणि दोघी एकदम मरतील का

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरत असतात आणि वाचणारं टोक त्यांच्या पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. एवढ्या नाजूक यंत्राकडून वर्षानुवर्षं चालण्याची अपेक्षा आपण करतो आणि बहुतेक डिस्क ती पुरीही करतात. बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवणूक देणारी कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बिघडल्या याचे आकडे 2013 पासून जाहीर करत आली आहे. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण वर्षाला 1 ते 2 टक्क्यांच्या दरम्यान दिसतं. काही मॉडेल याहून पुष्कळ वाईट निघतात, काही पुष्कळ चांगली.

आपण दीड टक्का धरू. दोन डिस्क असतील तर वर्षभरात त्यांतली एखादी बिघडण्याची शक्यता साधारण 3 टक्के. नवीन डिस्क आणून बसवेपर्यंत आठवडा गेला असं समजू. त्या सात दिवसांत दुसरीही बिघडण्याची शक्यता 0.03 टक्क्याच्या आसपास. दोन्हींचा गुणाकार केला तर वर्षाला सव्वा लाखात साधारण एक अशी शक्यता येते. हा आकडा पाहून कोणालाही वाटेल की मिररिंग असलं की झोप शांत.

या गणितात एक गृहीत लपलेलं आहे: दोन्ही डिस्कचं नशीब वेगवेगळं आहे. घरच्या संगणकात ते तसं क्वचितच असतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पेटीतून आणलेल्या, एकाच कारखान्यातून एकाच सुमाराला बाहेर पडलेल्या. दोन्हींना एकच वीजपुरवठा, एकच उष्णता, एकच धक्का, आणि मिररिंगमुळे दोन्हींवर लिहिण्याचा भारही तंतोतंत सारखा.

याचं टोकाचं उदाहरण 2019 मध्ये समोर आलं. एका मोठ्या सर्व्हर कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की तिच्या काही एसएसडींमध्ये आतल्या प्रोग्रॅमची चूक आहे आणि एकूण 32,768 तास चालल्यावर त्या बंद पडतील. बंद म्हणजे कायमच्या, आतल्या माहितीसकट. हे तास म्हणजे 3 वर्षं, 270 दिवस आणि 8 तास. 32,768 ही संख्या दोनाचा पंधरावा घात आहे. तास मोजणारा आतला आकडा तिथे पोचला की भरून जायचा. आता अशा दोन एसएसडी एकाच दिवशी मिररिंगमध्ये बसवल्या असतील तर काय होईल ते बघा. दोघींचं घड्याळ एकाच क्षणी सुरू झालं, दोघी एकाच क्षणी जाणार. सव्वा लाखात एकचं गणित तिथे कामाचं राहत नाही. वेळीच दुरुस्ती टाकून घेणाऱ्यांच्या डिस्क वाचल्या.

म्हणून मिररिंगसाठी डिस्क घेताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या, निदान वेगवेगळ्या महिन्यांत घ्या. एक आधीच वर्षभर वापरलेली आणि एक कोरी, ही जोडी मला दोन कोऱ्या जुळ्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. घेताना आणखी एक बघायचं. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात, त्यामुळे सलग खूप लिहायची वेळ आली की त्या फार मंदावतात. मिररिंगसाठी त्या टाळाव्यात. माहितीपत्रकात 'एसएमआर' असं लिहिलं असेल तर ती हीच. 'सीएमआर' असेल तर हरकत नाही.

एक डिस्क गेली, आता?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मिररिंग असूनही माहिती गमावली जाते ती बहुतेक याच टप्प्यावर.

पहिली अडचण म्हणजे डिस्क गेल्याचं कळतच नाही. मिररिंगचा गुणच असा की एक गेली तरी काही थांबत नाही. कुठेतरी एक सूचना येऊन जाते, ती आपण वाचत नाही, आणि मग वर्षभर आपण एकाच डिस्कवर चालत राहतो. दुसरी जाते तेव्हा उलगडा होतो. यावर उपाय एकच: बिघाडाची सूचना ई-मेलने किंवा फोनवर येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा, आणि ती खरोखर येते का ते करून बघा. मी संगणक बंद करून एका डिस्कची केबल मुद्दाम काढली आणि तो पुन्हा चालू केला. लिनक्स या संगणकप्रणालीत मिररिंगची स्थिती दाखवणारी एक फाइल असते. तिच्यात दोन्ही डिस्कसाठी एकेक अक्षर असतं. केबल काढल्यावर एका अक्षराच्या जागी नुसती आडवी रेघ आली. सूचनेचा ई-मेल मात्र आलाच नाही, कारण पत्ता लिहिताना माझं एक अक्षर चुकलं होतं. हे त्या दिवशी कळलं म्हणून बरं.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदही ठेवते. 'स्मार्ट' या नावाने ती वाचता येते आणि ती दाखवणारी मोफत साधनं सगळ्या प्रकारच्या संगणकांसाठी मिळतात. त्यात पुष्कळ आकडे दिसतील. मी तीनच बघते: क्रमांक 5, 197 आणि 198. पहिला सांगतो की खराब झालेले किती कप्पे बदलून राखीव कप्पे वापरात घेतले. दुसरा सांगतो की किती कप्पे सध्या संशयित आहेत. तिसरा सांगतो की किती वाचताच आले नाहीत. तिन्ही शून्य असावेत. शून्याचा दोन-चार झाला आणि पुढच्या आठवड्यात वीस झाला, तर ती डिस्क जाणार हे धरून चाला. मात्र तिन्ही शून्य असतानाही डिस्क अचानक जाऊ शकते, तेव्हा शून्य पाहून निर्धास्त होऊ नका.

दुसरी अडचण घाईची. डिस्क गेली हे कळलं की माणूस घाबरतो, संगणक उघडतो आणि समोर दोन सारख्याच काळ्या-चंदेरी पेट्या दिसतात. यांतली मेलेली कोणती? अंदाजाने एक काढली आणि ती चांगली निघाली, मग कोरी डिस्क बसवून 'पुन्हा जोड' म्हटलं आणि दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. हे घडू नये म्हणून डिस्क बसवतानाच तिच्या लेबलवरचा सीरियल नंबर एका चिकटपट्टीवर ठळक लिहून, डिस्क न काढता दिसेल अशा कडेला लावून ठेवा. संगणक बिघाडाची सूचना देतो तेव्हा किंवा 'स्मार्ट'च्या नोंदीत तोच नंबर दिसतो. नंबर जुळवायचा आणि मगच हात लावायचा. माझ्या दोन्ही डिस्कवर अशा पट्ट्या आहेत, खाली बसवल्याची तारीखही आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे नवीन डिस्क भरणं. उरलेल्या डिस्कवरचा कप्पा न् कप्पा वाचून नवीनवर लिहिला जातो. 4 टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी 150 एमबी वेगाने वाचली तर साडेसात तास लागतात, आणि मधे तुम्ही संगणक वापरलात तर आणखी जास्त. एरवी ज्या कोपऱ्यातल्या फाइल वर्षानुवर्षं कोणी उघडल्या नव्हत्या, तेही कप्पे या वेळी वाचले जातात. तिथे आधीपासून दबून राहिलेला दोष नेमका आता वर येतो. म्हणून नवीन डिस्क जोडण्याआधी, उरलेल्या डिस्कवरचं सगळ्यात मोलाचं जे काही असेल ते तिसऱ्या ठिकाणी कॉपी करून घ्या. आधी कॉपी, मग दुरुस्ती. हा क्रम उलटा करू नका.

असे दबलेले दोष आधीच शोधता येतात. महिन्यातून एकदा दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ताडून बघायची सोय मिररिंगच्या बहुतेक प्रणालींत असते. पण समजा ताडताना एकाच कप्प्यात दोन डिस्कवर वेगवेगळं निघालं, आणि दोन्ही डिस्क म्हणतायत की आमचं बरोबर. खरं कोणाचं? साध्या मिररिंगला हे ठरवता येत नाही, दोन साक्षीदार आणि दोघांच्या दोन कहाण्या. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम यावर उपाय करतात. त्या प्रत्येक तुकड्याचा एक लहानसा ताळा काढून वेगळा ठेवतात. वाचताना ताळा जुळला नाही तर ती प्रत खोटी ठरवून दुसऱ्या डिस्कवरून खरी प्रत घेतात आणि खोटीची दुरुस्तीही करतात. लिनक्सची सवय असेल तर मिररिंगसाठी मी याच दोहोंपैकी एक निवडायला सांगेन.

बाकीच्यांसाठी: विंडोजमध्ये 'स्टोरेज स्पेसेस' नावाची सोय विंडोज 8 पासून आहे, तिच्यात 'टू-वे मिरर' निवडायचं. मॅकमध्ये 'डिस्क युटिलिटी'तून होतं. काही मदरबोर्डवरही, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरही, मिररिंग मिळतं, पण ते मी टाळते. मदरबोर्ड जळाला तर ती डिस्क दुसऱ्या संगणकात सरळ वाचता येईलच असं नाही. दोन डिस्कच्या तयार पेट्यांनाही हाच प्रश्न विचारा: पेटी बिघडली तर आतली एकटी डिस्क बाहेर काढून वाचता येईल का? वीज अचानक गेल्यावर एकीवर लिहिलं गेलं आणि दुसरीवर राहिलं असं होऊ शकतं, तेव्हा छोटा यूपीएस असणं चांगलं.

मग बॅकअप कसा

आता ज्या वाक्यासाठी एवढं सगळं लिहिलं ते सांगते. तुमच्याकडे दोनच डिस्क असतील आणि तिसरी घेणं जमण्यासारखं नसेल, तर मिररिंग करू नका. एक डिस्क संगणकात वापरा आणि दुसरीवर बॅकअप घेऊन ती काढून ठेवा. तुमची रोजची डिस्क एखाद्या दिवशी गेली तर शेवटच्या बॅकअपनंतरचं काम जाईल, हे खरं. पण चुकून पुसलेली फाइल, रॅन्समवेअर, वीजपुरवठ्याच्या बिघाडात जळालेला संगणक, चोरी, यांतल्या एकाही संकटात मिररिंग तुमच्या कामी येणार नाही आणि काढून ठेवलेली डिस्क येईल.

मिररिंग उपयोगी पडतं ते दोन बॅकअपच्या मधल्या वेळात. समजा तुम्ही दिवसभर फोटो काढले, संध्याकाळी 200 जीबी संगणकात उतरवले, कॅमेऱ्यातलं कार्ड मोकळं केलं, आणि बॅकअप रात्री दोनला चालणार आहे. संध्याकाळपासून रात्री दोनपर्यंत ते फोटो जगात एकाच ठिकाणी आहेत. तेवढ्या वेळात डिस्क गेली तर मिररिंगच वाचवेल. ज्यांचं काम एक दिवसही थांबून चालत नाही त्यांनाही ते हवंच. म्हणून क्रम असा: आधी बॅकअप, तो नीट बसला की मग मिररिंग.

बॅकअपसाठी जगभर 3-2-1 असा एक नियम सांगतात. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी तो या आकड्यांत बसवून रूढ केला. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. मोजताना एक चूक सर्रास होते. मिररिंगच्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती असं धरलं जातं. त्या मिळून एकच प्रत आहे, कारण एका चुकीने दोन्ही जातात. क्लाउडशी आपोआप जुळत राहणारं फोल्डरसुद्धा असंच, फक्त लांब तारेचा आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. काही सेवा पुसलेल्या फाइल ठरावीक दिवस बाजूला ठेवतात, पण ते दिवस किती हे आजच बघून ठेवा.

बॅकअपमध्ये जुन्या आवृत्त्या राहिल्या पाहिजेत. विंडोजची 'फाइल हिस्टरी', मॅकची 2007 पासूनची 'टाइम मशीन', आणि 'रेस्टिक' किंवा 'बोर्ग' यांसारखी मोफत साधनं हेच करतात. दर वेळी फक्त बदललेलं साठवतात आणि मागच्या तारखेची फाइल मागितली तर काढून देतात. एकच सावधगिरी: कॉपी करणाऱ्या काही साधनांत 'मिरर' असाही पर्याय असतो. विंडोजमधल्या 'रोबोकॉपी'त तो आहे. तो निवडला की मूळ जागेवरून गेलेली फाइल बॅकअपवरूनही पुसली जाते. त्या एका शब्दाने बॅकअपचा पुन्हा आरसा होतो.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. हे कंटाळवाणं वाटतं, मलाही वाटायचं. पण मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर काही दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरलं, तेव्हा संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या फाइलही त्याने कुलूपबंद केल्या. जी डिस्क खणात पडून होती तिला ते शिवू शकलं नाही. शक्य असेल तर अशा दोन डिस्क ठेवा, एक घरी आणि एक विश्वासातल्या कोणाकडे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करा. बाहेर ठेवायच्या डिस्कवर एन्क्रिप्शन लावा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कोणाला वाचता येणार नाही, आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून वेगळ्या जागी ठेवा. तो पासवर्ड फक्त त्याच संगणकात साठवला असेल तर संगणक गेल्या दिवशी बॅकअपही गेलाच.

काही जण मिररिंगमधलीच एक डिस्क आठवड्याने काढून बॅकअप म्हणून ठेवतात आणि तिच्या जागी दुसरी बसवतात. हा उपाय सुचतो फार सहज, पण करू नका. दर वेळी सगळी डिस्क नव्याने भरावी लागते आणि तेवढे तास तुम्ही एकाच डिस्कवर असता.

शेवटचं काम म्हणजे परत काढून बघणं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या व्यवस्था एक सोडून पाच होत्या. ऐन वेळी कळलं की त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती. काही तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत सापडली म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या कामावर थांबलं. त्या कंपनीने हे सगळं लपवून न ठेवता जाहीरपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अनुभवी माणसांच्या बाबतीत हे घडतं, तर आपल्या खणातल्या डिस्कमध्ये काय आहे हे उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार?

मी महिन्यातून एकदा बघते. खणातली डिस्क काढायची, माझ्या नेहमीच्या संगणकाला न जोडता जुन्या लॅपटॉपला जोडायची, दोन महिन्यांपूर्वीची तारीख निवडायची आणि एक फोल्डर परत काढायचा. एक फोटो, एक कागदपत्र आणि एक ऑडिओ फाइल उघडायची. नुसतं नाव दिसलं म्हणजे फाइल शाबूत आहे असं होत नाही, ती शेवटपर्यंत चालवून बघायची. मग पट्टीवर तारीख लिहून डिस्क पुन्हा खणात.

गेल्या महिन्यात या चाचणीत उरलेल्या 29 पैकी अकरावं रेकॉर्डिंग हाती आलं. आधी थोडा वेळ नुसती खरखर, मग भांडं ठेवल्याचा आवाज, मग आजी अगदी जवळून विचारते, "चालू झालं का गं ते?"